बारदानावरचा मार्का आणि संगणकातला ब्रश

फोटोशॉपवर बसणारी पोरं ज्याला 'ग्रंज टेक्स्चर' म्हणतात, ते लासलगावच्या मार्केट यार्डात पोत्यापोत्यावर असायचं. फुटकी कडा, मधेच तुटलेली शाई, अक्षराच्या पोटातून डोकावणारी तागाची वीण. मुद्दाम कोणी करत नव्हतं. उलट अक्षर फुटू नये म्हणूनच सगळी धडपड. मी आधी बोर्ड रंगवणारा पेंटर, नंतर फ्लेक्सच्या दुकानातला डिझायनर. दोन्ही धंदे केल्यावर माझं मत पक्कं झालंय: संगणकातला ब्रश आम्हा पेंटर लोकांच्या ब्रशाचा वारस नाही. तो पोत्यावर मार्का मारणाऱ्याच्या ब्रशाचा वारस आहे.

इथली बाजार समिती १९४७ सालची. कांदा लिलावात विकला जायचा, व्यापाऱ्याच्या खळ्यावर निवडला जायचा आणि बारदानात भरून मद्रास, कलकत्ता, दिल्लीकडे निघायचा. तिकडच्या गोदामात कोणाचं पोतं कुठलं हे कळायला मार्का हवा. म्हणून लाल कांद्याचा हंगाम तोंडावर आला की आमच्याकडे पत्रे कापायला येत. गोडेतेलाचा रिकामा डबा उलगडायचा, ठोकून सपाट करायचा, त्यावर अक्षरं आखायची आणि छन्नीने कोरायची. मद्रासवाल्याला मराठी कुठून वाचता येणार? त्यामुळे बहुतेक मार्के इंग्रजी आद्याक्षरांचे, भोवती गोल किंवा चौकट. एखादा शेठ हट्टाने देवनागरी मागे, तेव्हा कस लागायचा. 'व' कोरला की त्याचं पोट गळून पडतं, म्हणून पत्र्याची बारीक पट्टी मधे धरून ठेवायची. शिरोरेघ सलग कापली तर पत्रा लवतो, म्हणून तीही अक्षरागणिक तोडायची.

मार्का मारण्याचं तंत्र वेगळं. ब्रश डुकराच्या राठ केसांचा, टोक सपाट छाटलेलं. काळा रंग घासलेटात पातळ केलेला. ब्रश बुडवून आधी फळीवर निथळायचा, मग पत्र्यावर उभा धरून ठोकायचा. ओढायचा नाही. ओढला की रंग पत्र्याखाली शिरतो आणि अक्षराला मिश्या फुटतात. तागाच्या उंच दोऱ्यावर रंग बसे, दोन दोऱ्यांमधल्या खड्ड्यात पोचत नसे. ब्रश कोरडा होत गेला की अक्षर विरळ होई. पोतं पाहून अनुभवी माणूस सांगे, हे ब्रश भरल्या भरल्या मारलंय की शेवटाला.

आता फोटोशॉप उघडून बघा. ब्रश ओढला की रेघ दिसते, पण ती रेघ नसते. एकच ठसा जवळजवळ उमटत जातो. 'स्पेसिंग' साधारण २५ टक्के असतं, म्हणजे ठशाच्या रुंदीच्या पाव अंतरावर पुढचा ठसा. तोच आकडा शंभराच्या पुढे न्या, रेघ सुटते आणि ठसे वेगळे दिसतात. ठोकायचा, ओढायचा नाही! पेंटरच्या ब्रशाला रंग संपत आल्याचं कळतं, मनगट वळलं की केस वळतात. ते सगळं संगणकाला वरून शिकवावं लागलं. २००२ साली आलेल्या सातव्या आवृत्तीत ब्रशाची यंत्रणा नव्याने घडवली गेली. ठशाचा आकार बदलणं, तो विखुरणं, त्यात पोत मिसळणं अशा सोयी तेव्हा एका जागी मिळाल्या.

बाकीची हत्यारंही जुन्याच धंद्यांतली. फोटोशॉप लिहिणारे थॉमस आणि जॉन नॉल हे भाऊ. त्यांच्या वडिलांची घरीच डार्करूम होती. १९९० साली पहिली आवृत्ती बाजारात आली. फोटोचा भाग उजळ करायचं 'डॉज' हत्यार पाहा, त्याचं चित्र म्हणजे काडीवरची गोल चकती. डार्करूममध्ये कागदावर पडणारा उजेड अडवायला ती तशीच धरतात. 'एअरब्रश'ने रघुवीर मुळगावकरांनी देवादिकांच्या चेहऱ्यांवर गुळगुळीत तेज आणलं आणि ती कॅलेंडरं घरोघरी लागली. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत 'लेयर' आले, तेव्हा शिळाछापाचा कारागीर असता तर म्हणाला असता, यात नवं काय? रविवर्मा छापखान्यात प्रत्येक रंगाला वेगळा दगड असे आणि ठिपक्या-ठिपक्यांनी छटा साधत. चित्रपटाकडे वळण्याआधी त्या छापखान्यासाठी काम केलेले दादासाहेब फाळके आमच्याच जिल्ह्यातले, त्र्यंबकेश्वरचे.

मग फ्लेक्स आला आणि बोर्ड रंगवणं बघता बघता आटलं. पोत्यांचीही बरीच जागा लाल जाळीच्या गोण्यांनी घेतली. जाळीवर मार्का बसत नाही, छापील चिठ्ठी शिवतात. फ्लेक्सवर सगळं चकचकीत. वाढदिवसाच्या बोर्डावर नेत्याचा चेहरा मेणाचा वाटावा इतका घासलेला. त्या गुळगुळीतपणाचा कंटाळा आला, तेव्हा गिऱ्हाइकं म्हणू लागली, जरा 'जुना लुक' द्या. मग पोरं बाहेरच्या देशातल्या गंजक्या दारांची, पोपडे आलेल्या भिंतींची टेक्स्चरं उतरवून मिसळीच्या हॉटेलाच्या पाटीला लावू लागली.

मी मात्र बारदान वापरतो. कृती साधी आहे. जुन्या पत्र्यातून काळ्या रंगाने बारदानावर मार्का मारायचा, वाळला की ६०० डीपीआयवर स्कॅन करायचा, रंग काढून निव्वळ काळा-पांढरा ठेवायचा, लेव्हल्सने ताग पूर्ण पांढरा करायचा आणि 'डिफाइन ब्रश प्रीसेट'. काळं तेवढं उमटतं, पांढरं पारदर्शक राहतं. एकाच ठशाने काम केलं तर नक्कल लगेच उघडी पडते, कारण दोन पोती कधी सारखी छापली जात नसत. म्हणून भरल्या ब्रशाचा, मधला आणि कोरडा असे वेगवेगळे ठसे घ्यावेत.

हातात पत्रा आला की नव्या पोरांना मी एकच सांगतो. फाइलला 'ग्रंज ०३' असं नाव देऊ नका. पत्रा कोणत्या पेढीचा, कोणी कोरला, माल कुठल्या गावाला जायचा, हे नावातच लिहा. ज्याने तो कोरला त्याला सही करायला जागाच नव्हती. संगणकात जागेची टंचाई नाही.