१०८९

एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवल्याचा एक परिणाम असा, की चार आकडी संख्या दिसली की मला तो सनच वाटतो. १६७४, १७६१, १८५७.. पण १०८९ हा आकडा मी कुठल्याही पाठ्यपुस्तकातून शिकवलेला नाही. तो मी शिकले रविवारी सकाळी, आमच्या फियाटच्या बॉनेटखाली टॉर्च धरून. "एक हजार एकोणनव्वद सीसी," हे पान्हा फिरवता फिरवता सांगायचे, "अडुसष्टचा बोअर, पंच्याहत्तरचा स्ट्रोक." मला त्यातलं ओ की ठो कळत नसे. टॉर्च हलली की बोलणी मात्र बसायची.

हे सगळं आठवायचं कारण तुरीन.

धाकटा तिथे नोकरीला आहे. २०१७ साली मी पहिल्यांदा गेले, तेव्हा खालच्या मजल्यावर एक वयस्कर जोडपं राहत होतं. सिन्योर निवृत्त, ऐंशीच्या घरातले. त्यांच्या गॅरेजमध्ये फिकट पिवळ्या रंगाची, उघड्या टपाची, दोन माणसांची देखणी गाडी. फियाट ११०० टीव्ही, १९५६ सालची. टीव्ही म्हणजे दूरदर्शन नव्हे हं! 'तुरिस्मो व्हेलोचे', म्हणजे वेगवान प्रवास. आणि या उघड्या गाडीचं पुढचं नाव 'त्रासफोर्माबिले'. टप घडी करता येतो, म्हणजे गाडीचं रूप पालटता येतं, असा त्याचा अर्थ. मी मुलाला म्हटलं, "अरे, हिच्या नावातच त्रास आहे." सिन्योरना त्याने ते इटालियनमध्ये कसं समजावलं कोण जाणे, पण ते पोट धरून हसले आणि त्यांनी बॉनेट उघडलं.

आणि मी एकदम म्हणाले, "अगं बाई, हे तर आमचंच!"

कार्बोरेटर निराळा होता, दोन नळ्यांचा. ताकद आमच्या गाडीपेक्षा बरीच जास्त. पण खालचं इंजिन तेच. १०८९.

इतिहासाच्या मास्तरणीला एवढं पुरे. पुढचे दोन महिने मी मुलाच्या कॉम्प्युटरवर आणि सिन्योरांच्या जुन्या मासिकांत (चित्रं मी बघायची, मजकूर मुलाने सांगायचा) या एका इंजिनाचा माग काढत होते.

हे इंजिन फियाटने १९३७ साली आणलं. ते तयार करणाऱ्यांमधला मुख्य माणूस दान्ते जाकोझा, तेव्हा जेमतेम बत्तिशीचा. गाडी साध्या संसारी माणसांसाठी होती. डॉक्टर, व्यापारी, पोरंबाळं, सामानसुमान. पण इटलीतल्या मेकॅनिक लोकांना हे इंजिन फार आवडलं. स्वस्त, सुटे भाग कुठेही मिळणारे, आणि कितीही पिळलं तरी कुरकुर न करणारं. १९४० साली एन्झो फेरारीने स्वतंत्रपणे पहिली शर्यतीची गाडी बांधली, तीसुद्धा या फियाटचे भाग घेऊनच. अल्फा रोमेओशी झालेल्या करारामुळे तिला स्वतःचं नाव देण्याचीही त्याला मुभा नव्हती! आज ज्या नावाला जग सलाम करतं, त्याची सुरुवात संसारी गाडीच्या सुट्या भागांतून झाली.

मग युद्ध झालं. इटली हरली, कारखान्यांवर बॉम्ब पडले. अशा काळात तुरीनच्या प्येरो दुझियो नावाच्या उद्योगपतीला शर्यतीच्या गाड्या बनवाव्याशा वाटल्या. त्याने जाकोझाला गाठलं. जाकोझा दिवसा फियाटची नोकरी करी आणि उरलेल्या वेळात दुझियोसाठी आराखडे काढी. त्यातून 'चिसितालिया' ही गाडी जन्मली. इंजिन अर्थातच ११००चं. १९४६च्या सप्टेंबरात तुरीनच्या शर्यतीत या गाड्या पहिल्या तीन क्रमांकांवर आल्या. ताझियो नुव्होलारी हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला चालक. त्याच शर्यतीत त्याचं स्टिअरिंग निखळून हातात आलं, आणि तो ते प्रेक्षकांना दाखवत गाडी हाकत राहिला असं सांगतात. (आमचे हे असते तर म्हणाले असते, "नट कोणी आवळला होता?")

खरी गोष्ट पुढच्या वर्षीची. १९४७ची मिल्ले मिलिया, म्हणजे हजार मैलांची शर्यत, प्रत्यक्षात अठराशे किलोमीटरच्या आसपास. नुव्होलारी ५४ वर्षांचा, छातीच्या आजाराने खंगलेला, दोन्ही मुलगे तरुणपणी गेलेले. त्याच्याकडे उघडी छोटी चिसितालिया, आणि समोर जवळजवळ तिप्पट मोठ्या इंजिनाची अल्फा रोमेओ. तरी तो पुढे होता. मग पाऊस कोसळला. पाणी इग्निशनमध्ये शिरलं, गाडी बंद पडली. ती पुसून सुकवून चालू करेपर्यंत अल्फा पुढे निघून गेली आणि नुव्होलारी दुसरा आला.

हे वाचताना मी मोठ्याने हसले. कारण दर जुलैत, सायनच्या पुलाखाली पाणी साचलं की आमची फियाट नेमकी अशीच बंद पडायची. हे डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढायचे आणि मी पर्समधला रुमाल पुढे करायची. मागून हॉर्न वाजायचे. एवढ्या मोठ्या चालकाची आणि आमची अडचण एकच होती, हे तेव्हा माहीत असतं तर मी रुमाल जरा ऐटीत दिला असता!

याच चिसितालियाची बंद टपाची आवृत्ती पिनिन फारीनाच्या कारखान्यात घडली. अॅल्युमिनियमचे पत्रे हाताने ठोकून आकार दिलेले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९५१ साली निवडक आठ मोटारींचं प्रदर्शन भरवलं, त्यात ती होती. १९७२ साली ती तिथल्या कायमच्या संग्रहात गेली. दुझियो मात्र आणखी मोठ्या शर्यतीच्या गाडीच्या नादात कर्जबाजारी झाला आणि अर्जेंटिनाला निघून गेला. असो.

सिन्योरांना मी विचारलं, या गाडीचं सगळ्यात कठीण काय? मला वाटलं इंजिन म्हणतील. ते खाली वाकले आणि दाराखालच्या पट्टीवर, म्हणजे गाडीच्या उंबरठ्यावर, त्यांनी बोटाने टकटक केलं. या गाडीला वेगळी चौकट नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. त्यात वरचं छप्पर कापलेलं. मग सारा ताण त्या उंबरठ्यांवर. ते आतून गंजले की गाडी मधोमध वाकते आणि दारं लागेनाशी होतात. वरून रंग चकचकीत असतो, म्हणून कळतही नाही. इंजिनाचं काय, ते बोलतं. आवाज करतं, धूर सोडतं. गंज मात्र गप्प असतो.

बाकी त्यांची देखभाल म्हणजे आमच्याकडचीच. पॉइंट घासणं, व्हॉल्व्हची फट पातळ पट्टीने मोजणं, ग्रीस भरणं. शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी त्यांनी व्हॉल्व्हच्या बैठका कठीण धातूच्या बसवून घेतल्या होत्या. नव्या पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुनं रबर खराब होतं, म्हणून नळ्या बदलल्या होत्या. आणि दर रविवारी, पाऊस नसेल तर, बायकोला शेजारी बसवून वीसेक किलोमीटरची फेरी. गाडी चालून झिजते त्याहून जास्त उभी राहून बिघडते, असं ते म्हणाले. पेट्रोल चिकट होतं, ब्रेक जाम होतात.

मी त्यावर काही बोलले नाही. आता इथे सांगते.

आमची फियाट १९६९ची, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. हिचीच पुढे १९७४ साली 'पद्मिनी' झाली. यांनी ती १९८१ साली जुनी घेतली होती. २००९ साली हे गेले आणि मी गाडीवर कव्हर घातलं. मला वाटलं, मी तिला जपते आहे. तीन वर्षं मी ते कव्हर उचललं नाही. सोसायटीच्या चिठ्ठ्या आल्या. २०१२ साली उघडलं तर चारही टायर बसलेले, ब्रेक धरलेले, दाराखाली बोट घातलं तर पत्र्याचा भुगा. भंगारवाल्याने नऊ हजार दिले. मोठा म्हणाला, "आई, बरं झालं, जागा मोकळी झाली." मीही मान डोलावली.

२०२१ साली आपल्या सरकारने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीचा नियम आणला. आमची तेव्हा बावन्न वर्षांची झाली असती. इटलीत तीस वर्षांवरच्या गाडीचा वार्षिक कर माफ होतो. पण नियमांना बोल लावण्यात अर्थ नाही. कव्हर मी घातलं होतं.

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपली, तेव्हा मी दुसऱ्यांदा तुरीनला होते. निघण्यापूर्वी माळ्यावरून यांचा बिस्किटांचा डबा काढून सोबत नेला होता. त्यात पॉइंट, गास्केटं, पंपाचे भाग, प्रत्येक पुडीवर यांच्या अक्षरात नाव आणि तारीख. सिन्योरांनी एकेक पुडी उघडून मेजावर मांडली. काही बसलं, काही बसलं नाही. टॅपेटच्या झाकणाचं एक गास्केट मात्र चपखल बसलं. त्यांनी ते त्याच दिवशी लावलं. मी टॉर्च धरली होती. हलवली नाही.

पुडीचा कागद त्यांनी फेकला नाही. त्यांच्या वहीत, जिथे गाडीच्या प्रत्येक कामाची नोंद आहे, तिथे चिकटवला. '१२-३-९४, टॅपेट गास्केट.' देवनागरीत.

फार लांबलं. सांगायचं एवढंच, की तुमच्यापैकी कोणाकडे कव्हरखाली एखादी जुनी गाडी असेल, तर या रविवारी कव्हर काढा आणि ती चालू करा. झाली नाही, तर निदान दाराखाली एकदा बोट फिरवून बघा.