भौतिकोपचार : कंबर, गुडघा व खांद्याची दुखणी (सक्करदरा, नागपूर)

सांधे, स्नायू व पाठीचा कणा यांच्या दुखण्यांवर व्यायाम, हाताने सांधा हलवून केलेले उपचार, शेक आणि विजेवर चालणारी उपकरणे यांच्या साहाय्याने केली जाणारी चिकित्सा. बोलीत नुसते ‘फिजिओ’. सक्करदरा हा नागपूरच्या उमरेड मार्गावरील परिसर तलाव, भोसल्यांचा वाडा आणि बुधवारच्या बाजारासाठी परिचित आहे. इथल्या माणसाची कंबर धरली की तो आधी चौकाजवळच्या शासकीय आयुर्वेद रुग्णालयात कटिबस्तीची (कंबरेवर कोमट तेल साठवून ठेवण्याच्या उपचाराची) चौकशी करतो, नाहीतर जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाची (स्थापना १९४७) वाट धरतो. साऱ्या विदर्भाला ते ‘मेडिकल’ म्हणूनच ठाऊक आहे. तिथे रुग्णांवर भौतिकोपचार होतात आणि ते शिकवलेही जातात.

भारतात या विषयाचे शिक्षण १९५०च्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात सुरू झाले. निमित्त होते पोलिओचे. लुळ्या पडलेल्या पायांत बळ आणणे हे तेव्हाचे मुख्य काम होते. पोलिओ गेला आणि त्याच बाकांवर चाळिशी-साठीतले गुडघे व कंबरा येऊन बसल्या.

कंबरदुखी : सर्वांत जास्त गर्दी हिची. उसण भरली, चमक निघाली, नस दबली, मणक्यात गॅप आली, अशा नाना तक्रारी घेऊन रुग्ण येतो. दहांपैकी सुमारे नऊ जणांत कोणताही गंभीर आजार सापडत नाही. स्नायू, अस्थिबंध व लहान सांधे यांच्यावर पडलेला ताण एवढेच कारण असते. एमआरआयच्या अहवालात ‘डिस्क बल्ज’ वाचून अर्धा धीर खचतो. मात्र २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यानुसार, पन्नाशीतल्या आणि काहीही न दुखणाऱ्या १०० माणसांपैकी सुमारे ६० जणांची मणक्यांमधली गादी (डिस्क) चित्रणात फुगलेली दिसते. म्हणून जाणता उपचारक फिल्म बाजूला ठेवून आधी रुग्णाला वाकायला, वळायला आणि चालायला सांगतो.

कोणता व्यायाम द्यायचा हे बरेचदा कामावरून ठरते. जुन्या नागपुरातला कोष्टी किंवा हलबा विणकर खड्ड्यातल्या मागाच्या काठावर बसतो. पाय खाली पावड्यांवर, धड पुढे झुकलेले, आणि धोटा सोडणाऱ्या दोरीला एकाच हाताचे झटके. दिवसभर पुढे वाकलेल्या अशा कंबरेला पुष्कळदा मागे वाकण्याने आराम पडतो. रुग्णाला पालथे झोपवतात, मग कोपरांवर आणि पुढे तळहातांवर छाती उचलायला लावतात. पायात उतरलेली कळ पोटरीतून मांडीकडे, मांडीतून कंबरेकडे सरकू लागली तर ते सुधारणेचे लक्षण. कंबर थोडी जास्त दुखली तरी चालते. ही पद्धत न्यूझीलंडचे रॉबिन मॅकेंझी यांच्या नावाने चालते. उलट, कणा अरुंद झालेल्या वृद्धाला चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकले की बरे वाटते. त्याला हाच व्यायाम बाधतो. शेजाऱ्याचा व्यायामाचा कागद आपल्याला लागू पडेलच असे नाही, ते यामुळे.

पडून राहण्याचा सल्ला मात्र आता कालबाह्य आहे. फिनलंडमधील १९९५च्या चाचणीत अंथरूण धरलेल्यांपेक्षा रोजची कामे झेपतील तशी चालू ठेवणारे लवकर बरे झाले. कमरेचा बेल्ट प्रवासापुरता ठीक; महिनोन् महिने बांधला तर स्नायू आळशी होतात.

गुडघेदुखी : बहुतेक वेळा संधिवाताचा झिजीचा प्रकार. मांडीच्या पुढच्या स्नायूला बळ देणे हा उपचाराचा कणा होय. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबायची, पाच ते दहा सेकंद धरायचे, सोडायचे. पुढे सरळ पाय उचलणे, मग खुर्चीवरून हात न टेकता उठणे. वजन एक किलो उतरले की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने घटतो. मांडी घालून जेवणे आणि उकिडवे बसणे काही काळ टाळावे लागते. ज्या घरी स्वयंपाक जमिनीवर होतो तिथे ओटा किंवा निदान एक स्टूल हाच खरा उपचार ठरतो.

गोठलेला खांदा : मधुमेहींत विशेष आढळतो. वेणी घालता येत नाही, पाठीमागे हात जात नाही. दुखणे, आखडणे व सुटणे या तीन अवस्थांना वर्ष-दोन वर्षे लागू शकतात. पहिल्या अवस्थेत हात जोराने ओढल्यास दुखणे बळावते. तेव्हा वाकून हात लंबकासारखा झुलवणे पुरे. आखडलेल्या खांद्याला मग भिंतीवर बोटांनी चढण्याचा व्यायाम देतात.

यंत्रे : अल्ट्रासाउंड, आयएफटी (सौम्य विद्युत्प्रवाह), शॉर्टवेव्ह (खोलवरचा शेक), ट्रॅक्शन (कणा ताणणे). ‘दहा दिवस शेक घेतला’ असे रुग्ण सांगतो तेव्हा त्याला यांपैकीच काहीतरी अभिप्रेत असते. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०१६च्या मार्गदर्शिकेत कंबरदुखीसाठी अल्ट्रासाउंड, आयएफटी व ट्रॅक्शन देऊ नये असे म्हटले. शेकाने तात्पुरते बरे वाटते आणि व्यायामाला अंग तयार होते, एवढे श्रेय त्याला द्यावे. पण केवळ यंत्राखाली झोपवून घरी पाठवणारा दवाखाना रुग्णाचा वेळ घेतो, बळ देत नाही.

उपचारक पदवीधर असावा आणि महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदलेला असावा. हाड बसवणाऱ्याकडून मानेला झटका घेणे धोक्याचे.

काही दुखणी मुळातच फिजिओची नव्हेत. लघवी अडणे किंवा नकळत होणे, बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद झपाट्याने जाणे यांत त्याच दिवशी मेडिकलची कॅज्युअल्टी गाठावी. रात्री झोपू न देणारी पाठदुखी, सोबत बारीक ताप आणि घटते वजन असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.