लिनक्स, वैयक्तिक संगणकावरील

लिनक्स, वैयक्तिक संगणकावरील : टेबलावरील तसेच लॅपटॉप संगणकांवर वापरली जाणारी एक मुक्त परिचालन प्रणाली. काटेकोर अर्थाने लिनक्स हे केवळ गाभ्याचे, म्हणजे संगणकाची स्मृती, प्रक्रियक व जोडउपकरणे यांचे नियंत्रण करणाऱ्या मध्यवर्ती आज्ञावलीचे, नाव आहे. व्यवहारात मात्र हा गाभा व त्याच्याबरोबर दिल्या जाणाऱ्या इतर आज्ञावल्या यांच्या संचासही लिनक्स असेच म्हणतात. अशा संचाला ‘वितरण’ ही संज्ञा आहे.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये सुरू झालेली यूनिक्स प्रणाली विद्यापीठांत लोकप्रिय होती, परंतु तिच्या वापरावर परवान्याची बंधने होती. प्रत्येकास वापरता, अभ्यासता, बदलता व वाटता येईल अशी प्रणाली निर्माण करण्यासाठी रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. त्यातून अनेक उपयुक्त आज्ञावल्या तयार झाल्या, तरी वापरण्याजोगा गाभा सिद्ध झाला नव्हता. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लीनस टोरव्हाल्डस यांनी १९९१ मध्ये इंटेल ८०३८६ प्रक्रियकाच्या स्वतःच्या संगणकावर असा गाभा रचला व त्याची मूळ संहिता सर्वांस खुली केली. अँड्र्यू टॅननबाउम यांनी अध्यापनासाठी रचलेल्या मिनिक्स प्रणालीचा त्यांनी अभ्यास केला होता. १९९२ मध्ये हा गाभा ग्नू सार्वजनिक परवान्याखाली आला. या परवान्यानुसार सुधारित आवृत्ती वाटणाऱ्यास तिची संहिताही खुली ठेवावी लागते. त्यामुळे जगभरच्या आज्ञावलीकारांचे श्रम एकत्र येऊ शकले. गाभ्याची १·० ही आवृत्ती मार्च १९९४ मध्ये प्रसृत झाली.

सामान्य वापराकडे : स्लॅकवेअर व डेबियन ही वितरणे १९९३ मध्ये सुरू झाली. तथापि त्या काळी प्रणालीची उभारणी करणे हे जाणकाराचेच काम होते. पडद्यावरील चित्रे व खिडक्या यांच्या साहाय्याने काम करता यावे, म्हणून माथिआस एट्रिख यांनी १९९६ मध्ये केडीई प्रकल्प आरंभिला. तो ज्या क्यूटी संचावर आधारला होता, त्याचा परवाना पूर्णतः मुक्त नसल्याने १९९७ मध्ये ग्नोम हा प्रतिस्पर्धी प्रकल्प निघाला. २००० मध्ये क्यूटीलाही ग्नू सार्वजनिक परवाना लागू झाला. परंतु दोन्ही प्रकल्प स्वतंत्रच राहिले. क्लाउस क्नॉपर यांच्या ‘क्नॉपिक्स’मुळे संगणकावर काहीही न उतरविता केवळ तबकडीवरून लिनक्स चालवून पाहणे सुलभ झाले. ऑक्टोबर २००४ मध्ये मार्क शटलवर्थ यांच्या पुढाकाराने उबुंटू हे वितरण निघाले. त्याच्या तबकड्या २०११ पर्यंत टपालाने विनामूल्य पाठविल्या जात.

शासकीय प्रयोग : जर्मनीतील म्यूनिक महापालिकेने २००३ मध्ये आपले संगणक लिनक्सवर नेण्याचे ठरविले. हा निर्णय बदलावा म्हणून मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी स्वतः त्या शहराला भेट दिली होती. २०१३ पर्यंत सु. १५,००० संगणकांचे स्थित्यंतर झाले. तथापि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. अडचणींचे मूळ प्रणालीत किती व पालिकेच्या संगणक विभागाच्या विस्कळीत रचनेत किती, याविषयी मतभेद राहिले. भारतात केरळ राज्याने शालेय संगणकशिक्षणासाठी मुक्त सॉफ्टवेअरचा अंगीकार केला. प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक) भारतीय भाषांची सोय असलेले ‘बॉस’ हे वितरण २००७ मध्ये उपलब्ध केले. केडीई व ग्नोम यांतील आदेशसूचींच्या मराठी भाषांतरात स्वयंसेवकांचाही सहभाग होता. संहिता खुली असल्याने त्यांना कोणा कंपनीच्या व्यापारी निर्णयाची वाट पाहावी लागली नाही.

मूल्यमापन : नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतील सर्व संगणक लिनक्सवर चालतात; अँड्रॉइड दूरध्वनींचा गाभाही तोच आहे. वैयक्तिक संगणकांत मात्र त्याचा वाटा अल्पच राहिला. बहुतेक संगणक विंडोजसह विकले जातात, अनेक व्यावसायिक आज्ञावल्या लिनक्ससाठी निघत नाहीत आणि काही उत्पादक आपल्या उपकरणांची तांत्रिक माहिती खुली करीत नाहीत, ही त्याची प्रमुख कारणे होत. वितरणांची विपुलताही नवख्यास गोंधळात टाकते. उलट, ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य संपल्यावर विंडोज ११ च्या अटी पूर्ण न करणाऱ्या, पण सुस्थितीतील संगणकांचे आयुष्य वाढविण्याचे साधन म्हणून लिनक्सला नवे महत्त्व आले.