सर्व्हर इमेजची लेखी घडण: प्रस्तावना

नागपूरच्या सदरमधल्या शासकीय तंत्रनिकेतनाची स्थापना १९१४ सालची. अशा संस्थेत शिकलेल्यांना फिटिंग शॉपचा पहिला धडा वेगळा सांगावा लागत नाही: आधी ड्रॉइंग, मग कानस. ड्रॉइंग हाताशी असलं की तोच जॉब उद्या दुसऱ्याच्या हातूनही तसाच उतरतो. क्लाउडवरच्या सर्व्हरची इमेज, म्हणजे ज्यावरून नवे सर्व्हर निघतात तो साचा, हीही अशीच लेखी आराखड्यावरून घडावी, हा या पुस्तकाचा आग्रह आहे.

२०१६ मध्ये ॲमेझॉनचं मुंबई रीजन सुरू झालं आणि नागपुरात बसून मुंबईतला सर्व्हर काही मिनिटांत उभा करता येऊ लागला. अवघड आहे ते दहावा सर्व्हर पहिल्यासारखाच निघणं. हाताने एकेक पॅकेज टाकून, सेटिंग बदलून इमेज काढली, तर तिच्यात नेमकं काय आहे हे सहा महिन्यांनी करणाऱ्यालाही सांगता येत नाही. मग सुरक्षेचा पॅच आला तरी तिला हात लावायची भीती वाटते.

मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ऑस्लोत सीएफइंजिन हे सर्व्हरची मांडणी राखणारं साधन लिहिलं. पायऱ्या सांगत बसण्यापेक्षा हवी ती स्थिती सांगा, हा विचार तिथून पपेट, शेफ आणि ॲन्सिबल या पुढच्या साधनांपर्यंत आला. ॲन्सिबलचं नीट लिहिलेलं प्लेबुक, म्हणजे हव्या त्या स्थितीचं वर्णन, त्याच सर्व्हरवर दुसऱ्यांदा चालवा. शेवटी ‘चेंज्ड’पुढे शून्य येतं. ते शून्य मला फार मोलाचं वाटतं. पॅकर हा इमेज घडवणारा प्रोग्राम हेच प्लेबुक घेऊन तात्पुरता सर्व्हर उभारतो, त्यावर ते चालवतो, इमेज जतन करतो आणि सर्व्हर काढून टाकतो.

जतन करण्याआधीची साफसफाई मात्र जिवावर येते, आणि घोळ तिथेच होतो. मशीन-आयडी तशीच राहिली तर त्या इमेजचे सगळे सर्व्हर एकाच ओळखीने वावरतात. काही नेटवर्कवर दोघांना एकच आयपी मिळतो. एसएसएचच्या होस्ट की राहिल्या, तर एका सर्व्हरची किल्ली फुटली की सगळ्यांचं सोंग घेता येतं. पासवर्ड इमेजमध्ये कधीही नकोत.

इमेजमध्ये आधी काय भरायचं आणि काय सर्व्हर सुरू होताना क्लाउड-इनिट या प्रोग्रामकडे सोपवायचं, यावर जाणकारांत मतभेद आहेत. निकालाच्या दिवशी संकेतस्थळावर झुंबड उडते तेव्हा नव्या सर्व्हरने पॅकेजं डाउनलोड करत बसणं परवडत नाही, म्हणून मी जड ते आधी भरण्याच्या बाजूचा. तिसरं प्रकरण त्याच वादावर आहे. प्लेबुक लिहिण्याचा सराव असेल त्यांनी थेट तेच उघडावं. बाकीच्यांना लिनक्सची कमांड लाइन येत असली की पहिलं प्रकरण पुरेसं सोपं जाईल.