तिसऱ्या हाताची तार

सतारीच्या एकाच पडद्यावर तार आडवी ओढून चार-पाच स्वर काढलेले ज्यांनी घरच्या बैठकीत ऐकले आहेत, त्यांना मींड म्हणजे काय हे सांगावयास नको. विजेच्या गिटारवरही बोटाने तार ताणता येते. परंतु त्या वाद्यावर अनेक तारांचा स्वरमेळ एकदम छेडला जातो, आणि तो धरण्यात गुंतलेली बोटे मींडीसाठी मोकळी राहत नाहीत. अमेरिकेतील वादकांनी व कारागिरांनी ही अडचण यंत्राने सोडवू पाहिली. त्या यंत्रांची तुलना आम्ही येथे करीत आहोत.

आरंभीची यंत्रे सर्व तारा एकदम हलविणारी होती. डॉक कॉफमन यांच्या रचनेवरून रिकेनबॅकर कंपनीने १९३७ साली काढलेल्या गिटारीत तर चक्क मोटर होती, आणि वजनामुळे ती स्टँडवर ठेवून वाजवावी लागे! कॉफमन यांचीच हाताने चालणारी दांडी वाद्य बेसूर करी, म्हणून मर्ल ट्रॅव्हिस यांनी पॉल बिग्जबी या कारागिरास गाठले. बिग्जबी मूळचे मोटारसायकलींच्या धंद्यातले. त्यांच्या यंत्रात दांडी दाबली की तारा गुंडाळलेला रूळ फिरतो व स्प्रिंग त्यास परत आणते. लिओ फेंडर यांनी १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये घोडीच स्प्रिंगांवर तोलली आणि तिला ‘ट्रेमोलो’ असे चुकीचे नाव दिले. ट्रेमोलो म्हणजे आवाजाच्या जोराची थरथर, स्वराची नव्हे. पुढे फ्लॉइड रोज यांनी तारा दोन्ही टोकांस जखडून सूर टिकविला. या सर्वांत उणीव एकच : जाड व बारीक तारा सारख्या प्रमाणात चढत-उतरत नाहीत, त्यामुळे स्वरमेळच डळमळतो. यास आम्ही कंप म्हणू, मींड म्हणणार नाही.

खरी वाट दाखविली ती पेडल स्टील गिटारने. वेब पिअर्स यांच्या १९५४ साली गाजलेल्या ‘स्लोली’ या गीतात बड आयझॅक्स यांनी तार वाजत असतानाच पायाने पेडल दाबले. काही तारा स्थिर राहिल्या व त्यांच्यामधून एक स्वर सरकत वर गेला. हा परिणाम क्लॅरेन्स व्हाइट यांना साध्या गिटारवर हवा होता, पण हात दोनच. तेव्हा त्यांचे सहकारी जीन पार्सन्स शेजारी उभे राहून त्यांची तार ओढीत. पार्सन्स मुळात ढोलवादक, पण यंत्रकामात निष्णात. १९६७ च्या सुमारास त्यांनी मित्रासाठी हा ‘तिसरा हात’ घडविला. गिटारचा पट्टा एका तरफेस जोडलेला असतो; वादकाने वाद्याची मान खाली दाबली की आतील सांधे हलून दुसरी तार पूर्ण एक स्वर, म्हणजे षड्जावरून ऋषभावर जावे इतकी, चढते. पुढे दोघेही ‘द बर्ड्स’ या वाद्यवृंदात एकत्र वाजवीत.

यासाठी वाद्य मागून कोरावे लागते. ज्यांना ते नको, त्यांच्यासाठी हिपशॉटची तरफ आहे. ती बाहेरून बसते व कंबरेच्या रेट्याने चालते. तळहाताने दाबावयाच्या तरफाही आहेत, पण त्या छेडणारा हात अडवितात. आमच्या मते पार्सन्स यांची युक्ती सरस, कारण तीत दोन्ही हात मोकळे राहतात. सतारीचे बोट मात्र वाटेतल्या कोणत्याही श्रुतीवर हवे तितके रेंगाळते, आणि ओढ किती घ्यावयाची हेही तेच ठरविते. यंत्राच्या तारेची मजल आधीच ठरलेली असते. तरीही खांद्याचा दाब हळूहळू सोडून तार सावकाश उतरविण्यात व्हाइट यांचे कौशल्य होते, आणि तेथे ते आम्हांस बीनकाराच्या जवळचे वाटतात.

जुलै १९७३ मध्ये मद्यधुंद चालकाच्या मोटारीने व्हाइट यांचा बळी घेतला. ते अवघे २९ वर्षांचे होते. यंत्र सामावण्यासाठी मागे जादा लाकूड लावून जाड केलेली त्यांची टेलिकास्टर १९८० साली त्यांच्या पत्नीने मार्टी स्टुअर्ट यांना विकली. स्टुअर्ट यांनी ती कपाटात जपून न ठेवता पुढे अनेक वर्षे कार्यक्रमांतून वाजविली.