घड्याळ घेताना

परवा नातीचा फोन आला. "आजोबा, मला धावण्यासाठी जीपीएसचं घड्याळ घ्यायचंय. चार मॉडेलं काढून ठेवलीत, पण काही ठरत नाहीये. तुम्ही सांगा."

आता मी इतिहासाचा मास्तर, तोही निवृत्त. माझ्या मनगटावर अजून एचएमटीचं किल्लीचं घड्याळ आहे. "अगं, मला त्यातलं काय कळतंय?" म्हटलं, तर म्हणाली, "तुम्हाला चौकशा करायला आवडतात ना? मग करा!" केल्या. आणि माझ्या चौकशीचं नेहमी होतं तेच झालं. दुकानाऐवजी ती इतिहासात जाऊन पोहोचली, आणि तिथून अशा एका जागी, जिथे मला खरं म्हणजे जायचं नव्हतं. पण क्रमाने सांगतो.

मला पहिला प्रश्न पडला तो असा. घड्याळ मोजणार वेळ. मग ते अंतर कसं काय सांगतं? आपल्या घटिकापात्राने लग्नाचा मुहूर्त कळे, नवरदेव किती कोस चालून आला ते काही कळत नसे. पण थोडं वाचल्यावर लक्षात आलं की घड्याळाने जागा शोधायची ही कल्पना जुनीच आहे. भर समुद्रात आपण किती रेखांशावर आहोत हे दर्यावर्दींना कळत नसे. त्यासाठी १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने २०,००० पौंडांचं बक्षीस जाहीर केलं. पृथ्वी ४ मिनिटांत १ अंश फिरते. म्हणजे बंदरावरची वेळ जहाजावर अचूक सांभाळता आली, तर स्थानिक वेळेशी ताडून रेखांश काढता येतो. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने आयुष्य घालवून तसं घड्याळ केलं. १७६१ साली ते जमैकाच्या सफरीवर निघालं आणि ८१ दिवसांत जेमतेम ५ सेकंद चुकलं.

जीपीएस म्हणजे हॅरिसनच्याच घड्याळाचा आकाशातला वंशज आहे असं मी म्हणेन. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुटनिक सोडला. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत दोन तरुण शास्त्रज्ञ त्याची बीप-बीप ऐकत बसले. आगगाडी जवळ येताना आणि लांब जाताना शिटीचा सूर बदलतो ना, तसा त्या बीपचा सूर बदलत होता. त्यावरून त्यांनी उपग्रहाची कक्षा काढली. मग त्यांच्या वरिष्ठाने प्रश्न उलटा केला : उपग्रह कुठे आहे हे माहीत असेल, तर ऐकणारा कुठे आहे हे काढता येईल का? वर्गात असा उलटा प्रश्न विचारणारं एखादंच पोर असतं, आणि बहुतेक वेळा आपण त्याला खाली बसवतो. असो.

आजच्या व्यवस्थेतला पहिला उपग्रह १९७८ च्या फेब्रुवारीत गेला. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून प्रत्येक उपग्रह एकच गोष्ट सांगत असतो, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.' तो निरोप पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघतं. असे चार उपग्रह मिळाले की जागा ठरते. तीन जागेसाठी आणि चौथा आपल्या मनगटावरच्या घड्याळाची चूक काढण्यासाठी! एका सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे जमिनीवर ३०० मीटरची चूक. म्हणून वर अणुघड्याळं लागतात. आपल्या 'नाविक'चे सात उपग्रह २०१३ ते २०१६ या काळात गेले. त्यातल्या पहिल्या उपग्रहातली तिन्ही अणुघड्याळं बंद पडली, आणि उपग्रह वर असूनही त्याचा जागा सांगायला उपयोग उरला नाही.

ही सगळी मुळात लष्कराची सोय. १ सप्टेंबर १९८३ ला वाट चुकलेलं एक कोरियन प्रवासी विमान सोव्हिएत लढाऊ विमानाने पाडलं. २६९ माणसं गेली. त्यानंतर अध्यक्ष रेगन यांनी जाहीर केलं की ही व्यवस्था तयार झाली की नागरिकांनाही वापरता येईल. ती मिळाली खरी, पण मुद्दाम बिघडवून. सामान्यांसाठीच्या संकेतात हेतुपुरस्सर चूक घातलेली असे आणि जागा १०० मीटरपर्यंत इकडेतिकडे दाखवली जाई. विमानाला ते चालेल, धावणाऱ्याला काय कामाचं? मे २००० च्या सुरुवातीला क्लिंटन यांच्या आदेशाने ती चूक काढून टाकली. २००३ साली गार्मिनची धावपटूंसाठीची पहिली मनगटी घड्याळं आली. त्यांचे फोटो पाहून मला हसूच आलं. मनगटावर काड्यापेटी बांधावी तसा प्रकार. पण त्यांच्यामुळे रस्त्यावर धावणाऱ्याला आपण किती धावलो हे स्वतःच्या मनगटावरून कळू लागलं.

आणि शर्यतीचं अंतर? तेही वाटतं तितकं पक्कं नव्हतं. मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि कायम झाले १९२१ साली. मधल्या १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये ते ४२.७५ किलोमीटर होतं. आपले बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथे धावले आणि एकोणिसावे आले. म्हणजे हा गडी आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्धा किलोमीटर जास्तच धावला. हे वाचून मला उगाचच अभिमान वाटला.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या मॅरेथॉनमध्ये अल्बर्टो सालाझारने २ तास ८ मिनिटे १३ सेकंदांचा विश्वविक्रम केला. पुढे रस्ता पुन्हा मोजला तेव्हा तो सुमारे दीडशे मीटर कमी भरला. विक्रम गेला. धावणाऱ्याचा काय दोष? आता मोजणी सायकलने होते. पुढच्या चाकाला फेऱ्या मोजणारं छोटं यंत्र लावायचं, वळणांवर जवळात जवळची वाट धरायची, आणि शेवटी हजारात एक या हिशेबाने अंतर वाढवायचं. मॅरेथॉनला ते ४२ मीटर होतात. कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, हे शहाणपण त्यामागे आहे.

सालाझारची ही हकीकत वाचली आणि मी वही मिटून ठेवली. ज्या जागी जायचं नव्हतं म्हणालो, ती हीच.

१९८४ ची गोष्ट. तालुक्याच्या गावी शाळेत होतो. खेळाचे शिक्षक नव्हते, म्हणून मैदान माझ्याकडे. नववीतला एक मुलगा फार छान धावायचा. रोज चार मैल शाळेला येणारा, पायात काही नाही. मी फक्कीने २०० मीटरचा मार्ग आखला आणि त्याला ३००० मीटरसाठी तयार केलं. पंधरा फेऱ्या, फेरीला ४० सेकंद, बरोबर १० मिनिटं. महिनाभर तो घड्याळासारखा धावला. जिल्ह्याला मोठं मैदान, ४०० मीटरची फेरी. म्हटलं, ८० सेकंदांनी ये, बाकीचं मी बघतो. फेऱ्या ८१ ने येऊ लागल्या. मी कडेने ओरडत होतो. तो तिसरा आला, १० मिनिटं ७ सेकंद. पुढे पाठवायचे होते फक्त दोघे. एस्टीची वाट पाहत असताना, इतर मुलांसमोर, मी त्याला म्हणालो, "मोठं मैदान बघून कच खाल्लीस तू." तो काही बोलला नाही. दहावीत मैदानावर आलाच नाही.

दोन वर्षांनी वर्गखोलीचं माप घेताना शाळेची कापडी टेप माझ्या हातात आली. ३० मीटरची. टोकाची कडी कधीतरी तुटली होती आणि शिपायाने टोक दुमडून पुन्हा शिवली होती. दुमडीत सुमारे एक फूट गेलेला. ३० मीटरला ३० सेंटिमीटर, म्हणजे शंभरात एक. ३००० मीटरला ३० मीटर. त्याच्या वेगाने सहा सेकंद. हिशेब तिथेच उभ्याउभ्या झाला. कच त्याने खाल्ली नव्हती. माझा मार्गच तोकडा होता. टेप मी बदलून घेतली. मुलाला मात्र सांगितलं नाही. तो तेव्हा गाव सोडून गेला होता, असं मी स्वतःला सांगत आलो.

गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गमित्राकडून नंबर मिळवला आणि फोन केला. आता पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ तो. टेपचं सांगितलं तर मोठ्याने हसला. "सर, मला इतकी वर्षं वाटत होतं की तिथली माती जड होती!" मी म्हटलं, "अरे, पण मी तुला एस्टी स्टँडवर जे बोललो ते..." तो थांबला. मग म्हणाला, "हां सर. ते आठवतंय." त्याने 'जाऊ द्या' म्हटलं नाही, आणि ते बरंच झालं. मग मुलाबाळांची चौकशी झाली आणि फोन ठेवला.

तर नातीचं घड्याळ. तिला सांगितलं ते असं. दोन फ्रिक्वेन्सींवर ऐकणारं घे, कारण उंच इमारतींवरून संकेत आपटून येतात तेव्हा एकाच फ्रिक्वेन्सीवरचं घड्याळ जास्त फसतं. बटणांचं घे, घामाच्या नि पावसाच्या बोटांना काचेचा पडदा दाद देत नाही. उपग्रह सापडेपर्यंत उभी राहा, मग धाव. आणि शर्यतीत घड्याळाने ४२.१९५ च्या वर आकडा दाखवला तर आयोजकांशी भांडू नकोस. जवळात जवळची वाट सगळ्यांना धरता येत नाही, शिवाय घड्याळही काही मीटर चुकतंच. मैदानावरच्या फेरीसाठी तर अजूनही नीट मोजलेली फेरीच खरी. टेप मात्र आधी टोकापासून तपासून घ्यावी.

"आणि वेळ कमी आली तर?" तिने विचारलं.

म्हटलं, आधी अंतर मोजून बघ. मग स्वतःला बोल लाव.