वस्त्राची परीक्षा काठाला : पाणबुड्याच्या कोरड्या पोशाखाचा इतिहास

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या नागपुरात, आणि तेही ऐन वैशाखात, एखादा माणूस पाणबुड्याच्या पोशाखाचा इतिहास सांगायला उभा राहावा, याचे श्रोत्यांना हसू आले तर त्यात नवल नाही. पण पाण्याशी आपला संबंध नाही, असे नागपूरकराला म्हणता येणार नाही. चांद सुलतानाच्या काळचा जुम्मा तलाव, म्हणजे आजचा गांधीसागर, भर वस्तीत आहे. अंबाझरी आणि फुटाळा आहेत. २०२३ च्या सप्टेंबरात, २२ आणि २३ तारखांमधल्या रात्री, अंबाझरी ओसंडून वाहू लागला आणि निजलेल्या घरांत पाणी शिरले, ती रात्र आपण विसरलेलो नाही. आणि दुसऱ्याला वाचविण्यासाठी आगीत व पाण्यात कसे शिरावे, हे शिकविणाऱ्या देशाच्या दोन मोठ्या संस्था याच शहरात आहेत. १९५७ पासून राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय येथे आहे, आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची अकादमीही येथेच आहे. तेव्हा विषय वाटतो तितका परका नाही.

शिवाय नागपूर हे कोष्ट्यांचे गाव. लुगडे पारखणारी जुनी बाई अंगावरचे कापड नंतर पाही, आधी काठ हातात घेई. कारण काठ तकलादू निघाला, तर बाकीचे कापड कितीही चांगले असले तरी फुकट. पाणबुड्याच्या वस्त्राचीही नेमकी हीच कथा आहे. पाणी अडविणारे कापड माणसाने लवकर शोधले. पण गळा, मनगटे आणि अंगात शिरण्याची फट हे जे त्या वस्त्राचे काठ, ते सांधायला पुढे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ गेला.

या कथेचा आरंभ पाण्यात नव्हे, धुरात झाला. १८२३ साली इंग्लंडात चार्ल्स डीन याने जळत्या घरात शिरणाऱ्या माणसासाठी धातूच्या शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. त्यात नळीने बाहेरची हवा सोडायची, अशी योजना होती. आगीसाठी त्याला फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. मग चार्ल्स व त्याचा भाऊ जॉन यांनी तेच शिरस्त्राण पाण्यासाठी वापरले. अग्निशमन आणि पाणबुडी ही दोन शास्त्रे अशी एकाच पोटची आहेत. योगायोग असा की, त्याच १८२३ साली चार्ल्स मॅकिंटॉश याने दोन कापडांच्या मध्ये विरघळविलेल्या रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्राचे पेटंट घेतले. शिरस्त्राण मिळाले, कापडही मिळाले. राहिला तो दोहोंचा सांधा.

डीनबंधूंचे शिरस्त्राण खाली मोकळे होते. वरून पंपाने हवा येई आणि गळ्याखालून बुडबुड्यांनी निघून जाई. माणूस ताठ उभा असेतोपर्यंत सारे ठीक. पण पाय घसरून तो आडवा झाला, की पाणी आत शिरे. हा दोष ऑगस्टस सीबे या लंडनमधल्या कारागिराने काढला. १८३७ च्या सुमारास त्याने शिरस्त्राण आणि रबरी पोशाख एकमेकांना जोडून सारे बंदिस्त केले. पोशाखाची कडा छातीच्या धातूच्या पट्ट्याखाली दाबून मळसुत्रांनी आवळायची, मनगटाला रबराची घट्ट पट्टी, आणि वापरलेली हवा बाहेर सोडायला एक झडप. 'रॉयल जॉर्ज' नावाचे आरमारी जहाज १७८२ साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ बुडाले होते. त्याच्या अवशेषांवर कर्नल पास्ले याने १८३९ ते १८४३ या काळात काम केले, तेव्हा हा बंदिस्त पोशाख कसास उतरला. आणि पुढे शंभर वर्षे जगातल्या बंदरांतून तोच चालला.

पण बंदिस्तपणानेच एक नवे संकट उभे केले. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब दुप्पट होतो आणि पोशाखातली हवा निम्म्या जागेत मावते. नवी हवा मिळाली नाही, तर कापड अंगाला चिमटे घेऊ लागते; आणि वरची नळीच तुटली, तर आतली हवा उलट बाहेर ओढली जाऊन माणूस अक्षरशः पिळला जातो. म्हणून हवेला आत येऊ देणारी पण परत जाऊ न देणारी झडप शिरस्त्राणावर आली. अंगठ्याएवढी वस्तू, पण तिने किती जीव राखले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

१९४३ साली फ्रान्समध्ये कूस्तो आणि गान्यां यांनी पाठीवरच्या टाकीतून लागेल तशी हवा देणारे यंत्र सिद्ध केले आणि पाणबुड्या नळीच्या दाव्यातून सुटला. नळी गेली, तशी पोशाखाला मिळणारी हवाही गेली. थंडीवर उपाय म्हणून १९५२ च्या सुमारास ह्यू ब्रॅडनर या अमेरिकन पदार्थशास्त्रज्ञाने निओप्रीनचा ओला पोशाख काढला. यात पाणी शिरते, पण अंगालगत थांबून ऊबदार होते. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने अंगाची ऊब पळविते. त्यामुळे फार थंड पाण्यात हा उपाय अपुराच पडे. अखेर अंतराळवीरांच्या पोशाखासाठी केलेली, हवा आणि पाणी दोन्ही अडविणारी चेन १९६० नंतर पाणबुड्यांच्या हाती आली. छातीवर हवा घेण्याची व दंडावर हवा सोडण्याची झडप आली, आणि आजचा कोरडा पोशाख, ज्याला सारे ड्राय सूट म्हणतात, तो पूर्ण झाला.

आता कोणी विचारील, नागपूरच्या उन्हात हा पोशाख कशाला? थंडीसाठी नव्हे, घाणीसाठी. शहरातल्या तलावात सांडपाणी असते, पुराच्या पाण्यात मैला आणि तेल असते. १४ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईच्या गोदीत 'सिंधुरक्षक' पाणबुडीचा स्फोट होऊन अठराजण गेले, तेव्हा नौदलाच्या पाणबुड्यांना चिखल, तेल आणि मिट्ट काळोख यांतून चाचपडत शोध घ्यावा लागला. अशा पाण्यात अंगाला थेंबही न लागणे, हेच मोठे संरक्षण.

म्हणून निवड करताना प्रथम पाणी कसले, हे विचारावे. रबराचा थर मध्ये असलेले तिहेरी कापड हलके असते व लवकर वाळते. पण ते स्वतः ऊब देत नाही, ऊब आतल्या कपड्यांची. घाणेरड्या पाण्यासाठी गुळगुळीत रबराचा पोशाख बरा, कारण तो धुऊन निर्मळ करता येतो. गळ्याची पट्टी सैल असली तर पाणी येते. फार आवळ असली तर मानेच्या रक्तवाहिन्या दाबून भोवळ येते. आणि नवशिक्याला हे आधी शिकवावे की, डोके खाली व पाय वर झाले तर हवा पायांत जमून माणूस उलटा वर फेकला जातो. काठावर तासन्‌तास पोशाख चढवून बसविले, तर पाण्याआधी उष्माघातच गाठील.

राखण त्याहून महत्त्वाची. प्रत्येक बुडीनंतर गोड्या पाण्याने धुवावे, झडपांत रेती राहू देऊ नये, आतून बाहेरून सावलीत वाळवावे. लेटेक्सच्या पट्ट्यांना तेल, ऊन आणि विजेच्या मोटारीजवळची हवा, तिन्ही वैरी. त्यांना बिनवासाची शंखजिऱ्याची पूड लावून ठेवावे. धातूच्या दातांच्या चेनीला मेण चोळावे आणि तिच्यावर घडी पडू देऊ नये. शंका आली की मनगटांत आणि गळ्यात बाटल्या-डबे बसवून पोशाख फुगवावा व साबणाचे पाणी फिरवावे. बुडबुडा उठला तेथे भोक समजावे.

सीबेच्या काळी पाणबुड्याचा प्राण काठावर पंप फिरविणाऱ्याच्या हाती असे, आणि तो माणूस साऱ्यांना दिसे. आज तो दिसत नाही, एवढाच फरक. आज तो प्राण काल संध्याकाळी ज्याने पोशाख धुतला, वाळविला आणि पट्टीवरची बारीक चीर पाहून ती बदलली, त्याच्या हाती असतो. आपल्याकडे वस्तू विकत घेण्याचा समारंभ होतो, तिच्या राखणीचा होत नाही. पोशाखासाठी पैसे मंजूर होतात. दोन जादा गळपट्ट्या आणि त्यांची नोंद ठेवणारा माणूस मात्र यादीत नसतो. ज्या शहरात दुसऱ्यांसाठी पाण्यात उतरणारी माणसे घडतात, त्या शहराने तरी हा काठ आधी पाहावा.